उसनी छाती

आमच्या भावोजींना गोदीचा अख्खा धक्का ‘कासव’ म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि तेही खुशाल ओ द्यायचे. माणूस होताच तसा. बुटाची नाडी बांधायला बसले की आपण चहा पिऊन परत यावं, तरी दुसरा बूट व्हायचाच असायचा. माझ्या ताईशी लग्न करायचं की नाही, याचं उत्तर द्यायला त्यांनी साडेचार महिने लावले. आमचे वडील वैतागून म्हणाले होते, हा मुलगा आहे की कचेरी? ताई तेव्हा हसली होती. पुढं वीस वर्षं मात्र तिनं ‘ह्यांच्या आंघोळीचं पाणी तीनदा तापवावं लागतं’ म्हणून जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं.

ते पाणबुड्याचं काम करायचे. मोती काढणारे गोष्टीतले पाणबुडे वेगळे. आमच्याकडे गोदीचं पाणी म्हणजे तेल, चिखल आणि सगळ्या गावाची घाण. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नाही. त्या अंधारात चाचपडत जहाजाच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गोदीच्या दरवाजाचं रबर बदलायचं, गंजलेल्या साखळ्या कापायच्या. वर आले की तीन दिवस कानातून काळं निघायचं.

मी त्यांचा दोरीवाला. पाण्यात मी जन्मात उतरलो नाही, गुडघाभर पाण्यातही मला गरगरतं, हसायचं तर हसा. माझं काम काठावर. पाणबुड्याच्या कमरेची दोरी आणि हवेची नळी हातात धरून उभं राहायचं आणि त्याच्याशी दोरीनं बोलायचं. टोपात फोन असतो, पण त्याची निम्मा वेळ नुसती खरखर. खरी भाषा दोरीची. खालून एक ओढ आली म्हणजे ‘ठीक आहे, आहे तसं चालू दे’. दोन म्हणजे ‘ढील दे’. चार म्हणजे ‘मला वर घे’. आणि नियम एकच, जो मला पहिल्याच दिवशी भावोजींनी कान पिळून शिकवला: ओढ आली की वरच्यानं आपलं डोकं चालवायचं नाही. खाली काय आहे ते खालच्यालाच ठाऊक. तो सांगेल तसं करायचं, लगेच करायचं, प्रश्न नंतर. अठरा वर्षं मी तसंच केलं. झोपेतही कुणी बाही ओढली असती तरी ऐकलं असतं.

या धंद्यात कासव असणं हा काही दोष नाही. खोल पाण्यात दाबाखाली घेतलेली हवा अंगात मुरते. वर येताना थांबत थांबत आलं तर ती श्वासावाटे निघून जाते. घाई केली तर रक्तातच फेस धरते, सोड्याची बाटली उघडल्यासारखी. घाई केलेला एकजण आमच्या फाटकावर काठी टेकत पहारा करतो, पस्तिशीचा आहे. कुठं किती थांबायचं याचा तक्ता असतो; भावोजी त्यात लिहिलंय त्याच्या दुप्पट वेळ थांबायचे. वरून पोरं ओरडायची, ‘कासवराव, जेवण गार झालं!’ खालून एक ओढ यायची. ठीक आहे, चालू दे.

घोडं पेंड खात होतं ते छातीपाशी. पाण्यात यायच्या आधी भावोजींनी अकरा वर्षं जहाजांच्या टाक्यांत काढली होती. बंद टाकी, आत एक दिवा, हातात वाळूचा मारा करणारी नळी, आणि गंज काढायचा. तोंडाला फडकं. बस. फडक्यानं काय अडतं हो? ती वाळू, तो गंज, सगळं आत जाऊन बसलं. पुढं सहा महिने झाले खोकला जाईना, जिना चढताना मधल्या खिडकीशी थांबायला लागले. लोकांना वाटलं, कासवच ते, थांबणारच. मला दोरीत कळत होतं. त्यांच्या ओढीमध्ये पूर्वीचा जोर राहिला नव्हता.

मीच त्यांना बाहेरच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो, गोदीत कुणाला न सांगता. डॉक्टरीणबाई वयस्कर, आवाज खडा. तिनं छातीची एक्स-रे फिल्म उजेडाला धरली आणि उजव्या बाजूला पेन टेकवलं. म्हणाली, इथं फुप्फुस झिजून फुगा झालाय. लिंबाएवढा. याचं तोंड बारीक आहे. हवा आत जाते, पण चटकन बाहेर येत नाही. जमिनीवर असाल तर दम लागेल, बाकी निभेल. पाण्यात उतरलात तर दाबाची हवा याच्यात भरणार. वर येताना ती पसरणार आणि बाहेर पडायला वाट नाही. मग तुम्ही कितीही हळू या.

‘कितीही हळू?’ भावोजींनी विचारलं.

‘कितीही,’ ती म्हणाली. ‘तुमचं पाणी संपलं.’

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले आणि फिल्मचं पाकीट चार वेळा दुमडलं. मग मला म्हणाले, ‘ताईला सांग, किरकोळ आहे. थोडा डाग आहे म्हण.’ मी म्हटलं, ‘भावोजी, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते ऐकलंत ना?’ तर म्हणे, ‘ऐकलं. मला दुसरं काय येतं ते सांग.’ काय सांगणार? फाटकावरच्या पहाऱ्याची जागा एकच, तीही भरलेली. शिवाय आमच्या खोल्या गोदीच्या. पाण्यातला माणूस पाण्यातून गेला की महिन्याभरात खोली खाली करायची. ताईनं त्या दोन खोल्यांत खिडकीखाली लाकडाचं कपाट स्वतः ठोकून बसवलं होतं, भिंतीला दर वर्षी स्वतः चुना दिला होता.

आणि दीड महिन्यावर वर्षाची तपासणी.

आता आमच्या टोळीची रीत सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तपासणीला छातीची फिल्म लागते आणि नळीत फुंकून दाखवावं लागतं. हे सगळं बाजारातल्या एका दुकानवजा जागेत होतं. तिथला माणूस गोदीच्या कारकुनानं दिलेल्या चिठ्ठीवरचा नंबर पुकारतो, ‘शर्ट काढा, श्वास घ्या, धरा, सोडा,’ संपलं. तोंडाकडे बघायला त्याला सवड नसते. तेव्हा ज्याला सर्दी झाली असेल, खोकला असेल, त्याच्या चिठ्ठीवर टोळीतला साफ छातीचा माणूस जायचा. आणि सगळ्यात साफ छाती कुणाची? जो पाण्यात उतरत नाही, टाकीत घुसला नाही, विडी ओढत नाही त्याची. माझी. तोवर मी तिघांसाठी उभा राहिलो होतो. पोरं म्हणायची, ‘तुझी छाती एकटी चौघांच्या नोकऱ्या करते रे.’ आम्हाला त्यात गंमत वाटायची. सर्दी काय, आठ दिवसांत जाते. त्यासाठी माणसाला घरी का बसवायचं?

भावोजींनी स्वतः मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं ताईनं. रविवारी माझ्या खोलीवर आली, पदराला हात पुसत दारातच उभी राहिली.

‘तेवढं यंदा ह्यांच्या चिठ्ठीवर जाऊन ये,’ म्हणाली. ‘थोडासा डाग आहे म्हणे. तेवढ्यासाठी घरी बसवतील.’

‘ताई, घरी बसलेले बरे.’

‘तुझं काय जातंय? पाच मिनिटं उभं राहायचं. इतरांसाठी गेलास ना? मग माझ्या नवऱ्यासाठी जाताना तुझे पाय का जड होतायत?’

तिथं सांगायचं होतं मला. लिंबाएवढा फुगा आहे, तोंड बारीक आहे, हळू येऊन उपयोग नाही. जिभेवर आलं होतं. पण भावोजींनी ‘किरकोळ’ म्हणायला सांगितलं होतं, आणि ताई पदर पिळत होती. मी गेलो. श्वास घेतला, धरला, सोडला. नळीत फुंकलं तर काटा वरपर्यंत गेला. तो माणूस पहिल्यांदाच वर बघून म्हणाला, ‘वा, छाती आहे!’

दीड महिना काही झालं नाही. मी दर खेपेला दोरी धरून जीव मुठीत घेऊन उभा राहायचो आणि ते दर खेपेला वर यायचे. माणूस किती निर्लज्ज असतो बघा, पाचसहा खेपांनंतर मला वाटायला लागलं की डॉक्टरीणबाईंनी उगाच घाबरवलं.

त्या सकाळी गोदीच्या मोठ्या दरवाजाचं खालचं रबर बदलायचं होतं. बारा मीटर पाणी. तासाभराचं काम त्यांनी दीड तासात केलं. चार ओढी आल्या. मी दोरी घ्यायला लागलो, हातहात करून. मध्ये ते थांबले, नेहमीसारखे. तक्त्याप्रमाणे थांबायची गरजही नव्हती, तरी थांबले. फोनवर खोकल्याचा आवाज आला. मी विचारलं, ‘काय झालं?’ एक ओढ. मग परत वर. हे मी देवाशपथ सांगतो, घड्याळ माझ्या हातात होतं: त्या दिवशी ते जेवढे हळू आले तेवढा हळू कुठलाच पाणबुड्या कधी आला नसेल.

शिडी चढून आले, टोप काढला, पेटीवर बसले. ‘चहा सांग,’ म्हणाले. चहा आला. डाव्या हातानं पेला घेतला आणि पेला सरळ खाली. ते हाताकडे बघत बसले, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. मग तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ओठांवर गुलाबी फेस आला.

दाबाची टाकी धक्क्यावरच आहे, पन्नास पावलांवर. अशा माणसाला आत घालून परत दाबाखाली न्यायचं, म्हणजे रक्तातले बुडबुडे दबतात, मग तासन्तास हळूहळू दाब उतरवायचा. आम्ही त्यांना उचलून नेलं. टाकीवाला आमचा जुना माणूस, कामात चोख. त्यानं एका हातानं झडपा उघडल्या, दुसऱ्या हातानं गोदीच्या डॉक्टरला फोन लावला. कपाटातून भावोजींची फाइल काढली. डॉक्टर पलीकडून विचारत होता, आम्हाला ऐकू येत होतं: ‘छातीचा काही आजार? शेवटची फिल्म कधीची?’

टाकीवाल्यानं माझी फिल्म दिव्यापुढं धरली.

‘दीड महिन्यापूर्वीची आहे डॉक्टर. एकदम साफ.’

मी स्ट्रेचरशी वाकलो होतो. तोंड उघडलं होतं मी, खोटं नाही सांगत. तेवढ्यात माझी बाही ओढली गेली. भावोजींचा उजवा हात. एक ओढ. नीट, ठाम, एकच. डोळे माझ्यावर. ठीक आहे, आहे तसं चालू दे.

आणि मी तोंड मिटलं. अठरा वर्षांची सवय. ज्याच्या मेंदूत बुडबुडा गेलाय, तोंड वाकडं झालंय, त्याचा हुकूम मी मानला! दुसरा कुणीही असता, भाजीवाला असता, शाळामास्तर असता, तर ओरडला असता की ती छाती यांची नाही. मी दोरीवाला. मी ऐकलं.

‘मग घ्या आत,’ डॉक्टर म्हणाला.

टोळीतला एकजण त्यांच्याबरोबर आत बसला. दार लागलं, हवा शिरली, काटा चढला. वीस मिनिटांत त्यांचा डावा हात हलला. गोल काचेतून मी बघत होतो. तोंड सरळ झालं. त्यांनी बोटं उघडून मिटून दाखवली आणि चक्क हसले. बाहेर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मनात म्हटलं, बरं झालं गप्प बसलो. हे असं म्हटलं मी.

दोन तासांनी टाकीवाला दाब उतरवायला लागला. थोडा उतरवला आणि भावोजींचा श्वास वर लागला. दाब परत चढवला, श्वास बसला. परत उतरवला. या वेळी मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ झाल्या, ओठ निळे. आतला पोरगा काचेवर थापा मारायला लागला. टाकीवाल्याच्या कपाळावर घाम. ‘हे काय चाललंय? छाती तर साफ आहे,’ तो स्वतःशीच बोलला आणि परत फिल्मकडे बघायला लागला.

‘ती छाती त्यांची नाही,’ मी म्हटलं. ‘माझी आहे.’

त्याला कळेना. मला तीनदा सांगावं लागलं. मग त्यानं माझ्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. डॉक्टर फोनवर किंचाळला. फुगा फुटलाय, हवा फुप्फुसाच्या बाहेर छातीत कोंडलीय, दाब उतरेल तशी ती पसरतेय आणि हृदय दाबतेय. दाब परत चढवा आणि मग त्याला हात लावू नका, मी येतो. तो येईपर्यंत पाऊण तास गेला. दाब चढवला, मग त्याला कुणी हात लावला नाही, पण तोवर भावोजींचं हृदय थकलं होतं. डॉक्टर दाब जुळवायच्या बाहेरच्या छोट्या कप्प्यातून आत शिरेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तो बाहेर आला, हातमोजे काढले आणि मला बाजूला घेतलं. चिडलेला नव्हता, तेच वाईट. म्हणाला, ‘आत घेण्याआधी सांगितलं असतंत तर मी बरगड्यांमधून एक बारीक नळी घालायला आलो असतो. पाच मिनिटांचं काम आहे. मग टाकीत जगले असते.’ मग म्हणाला, ‘फुप्फुस का फुटलं, हे तुम्ही लिहून द्या. मी त्याखाली सही करतो.’

मी लिहून दिलं नाही.

गोदीच्या साहेबानं दुसऱ्या दिवशी टोळीला बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. साहेब म्हणाला, फिल्मची भानगड बाहेर आली तर पाचही जण घरी जाल, कारकून जाईल, मीही जाईन, आणि मेलेला काही परत येणार नाही. फुप्फुस तर घाईनं वर आल्यानंही फुटतं. डॉक्टर ‘फुप्फुस फुटून मृत्यू’ लिहितोय, आपण कारण लिहू. कागदावर लिहिलं होतं: ‘पाणबुड्या ठरलेल्या वेगापेक्षा घाईने वर आला.’ खाली दोरीवाल्याची सही हवी होती. वेग दोरीवाल्यालाच ठाऊक असतो ना.

घाई! त्या माणसावर! चोर म्हटलं असतं, दारूबाज म्हटलं असतं तरी चाललं असतं. पोरं मान खाली घालून उभी होती. एकानंही ‘नको’ म्हटलं नाही. मी पेन घेतलं. तुम्हाला वाटेल नोकरीच्या भीतीनं घेतलं. ती होतीच. पण खरं कारण दुसरं होतं. खरं लिहिलं तर फिल्मचं लिहावं लागणार, आणि फिल्म मी का दिली ते लिहावं लागणार. दारात पदर पिळत उभी राहिलेली माझी ताई त्या कागदावर येणार. ‘तुझं काय जातंय’ म्हणाली होती ती. ते कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी उठली नसती. मी सही केली.

ताईनं तो कागद वाचला. एकदा वाचला, परत वाचला. रडणं तिथंच थांबलं. मग जी चिडली ती चिडलीच. येईल त्याला ऐकवायची: ‘वीस वर्षं माझा जीव खाल्ला हळूहळू करून. मी ताटं वाढून बसायचे. आणि जिथं हळू यायचं तिथं ह्यांना घाई! कुठं जायचं होतं? कोण वाट बघत होतं?’ शेजारणी समजूत घालायच्या तर त्यांच्या अंगावर जायची. एकदा भावोजींचे बूट जिन्यावरून खाली फेकले. मी ते उचलून माझ्या खोलीत ठेवले आणि तिच्याकडे जायचं टाळायला लागलो.

खोली खाली करायची वेळ आली तेव्हा टाळता येईना. कपाट सुटत नव्हतं, तिनंच ठोकलेलं. मी पटाशीनं खिळे काढत होतो, ती कपडे बांधत होती. हात थांबवून म्हणाली, ‘एक विचारू? खरं सांगशील?’

‘विचार.’

‘दोरी तुझ्या हातात होती. कागदाचं राहू दे. साहेब काहीही लिहितात. मला रोज वाटतं, हे घाई करायचे नाहीत रे. मेले तरी करायचे नाहीत. तू सांग. खरंच केली का त्यांनी?’

तिच्या डोळ्यांत आशा होती. मी ‘नाही’ म्हणावं म्हणून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘नाही’ म्हटलं असतं तर तिला तिचा नवरा परत मिळाला असता, आणि पुढच्याच दमात तिनं विचारलं असतं, ‘मग कशानं गेले?’

‘हो ताई,’ मी म्हटलं. ‘केली.’

तिनं भिंतीवरचा त्यांचा फोटो काढला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि माझ्याकडे दिला. ‘हा तू ने,’ म्हणाली. ‘मला नको.’